बुळकांडी गावातून घालवायची तर: शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य रोगांवर पाळत, लसीकरण आणि नोंद

लस टोचून घेतली, तरी महिन्याभरात शेरडं शेंबडानं आणि हगवणीनं आडवी झाली, मग सगळा राग लशीवर निघाला. हे कोल्हापूरच्या गावागावांत ऐकायला मिळतं. बहुतेक वेळा दोष लशीत नसतो, कामाच्या क्रमात असतो. चार महिन्यांची करडं टोचायची राहिलेली असतात, बाजारातून आणलेला बोकड त्याच दिवशी कळपात सोडलेला असतो, किंवा विरघळवलेली लस दुपारच्या उन्हात गाडीच्या डिकीत फिरलेली असते. आधी काय आणि नंतर काय, याचा क्रम इथे दिला आहे. लस सोडून बाकी औषधांची मात्रा मुद्दाम दिलेली नाही, ती तुमच्या पशुवैद्यकानंच ठरवायची.

## सुरुवातीला: कोणता रोग घालवता येतो आणि कोणता फक्त आवरता येतो

सगळ्या विषाणूंना एकाच मापानं मोजू नका. नाहीतर कष्ट चुकीच्या जागी जातात.

बुळकांडी (पीपीआर) समूळ घालवता येते. या विषाणूचा एकच सीरोटाइप आहे, म्हणजे एकच लस त्याच्या सगळ्या प्रकारांवर चालते. एकदा दिलेली लस तीन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ पुरते. बरं झालेलं जनावर पुढे विषाणू बाळगत फिरत नाही, आणि डास-माशीमार्फत तो पसरत नाही. शरीराबाहेर, कोरड्या उन्हात तो फार टिकतही नाही. याच घराण्यातला गुरांच्या बुळकांडीचा विषाणू 2011 मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. शेळ्या-मेंढ्यांच्या बुळकांडीसाठी जागतिक मुदत 2030 ची आहे. भारतात हा रोग पहिल्यांदा 1987 मध्ये तमिळनाडूत नोंदला गेला.

देवी (मेंढ्यांची आणि शेळ्यांची) लशीनं आटोक्यात येते. मात्र खपल्यांतला विषाणू सावलीच्या गोठ्यात कित्येक महिने जिवंत राहतो. म्हणून इथे लशीइतकीच गोठ्याची सफाई महत्त्वाची.

नीलजिव्हा चिलटांसारख्या बारीक माशा पसरवतात. पावसाळा सरताना, चिखल-दलदलीच्या दिवसांत ती मेंढ्यांत जास्त दिसते. गावपातळीवर ती समूळ जात नाही. लस, आणि संध्याकाळनंतर मेंढ्या पाणथळीपासून दूर बसवणं, एवढंच हातात आहे.

लाळ-खुरकूत शेळ्या-मेंढ्यांत सौम्य असते. थोडं लंगडणं, तोंडात एखादा फोड, बस. पण त्याच शेळ्या शेजारच्या म्हशीला रोग देतात. त्यामुळे गायी-म्हशींच्या लसीकरणाच्या वेळी शेरडांचाही विषय काढा.

मावा म्हणजे ओठांवरच्या जाड खपल्या. हा माणसाच्या हातालाही होतो, तेव्हा हातमोज्याशिवाय खपल्या काढत बसू नका.

पुढचं सगळं मुख्यतः बुळकांडीसाठी आहे. देवीसाठी जिथे वेगळं करायचं तिथे तसं सांगितलं आहे.

## टप्पा 1: कळपांची मोजणी आणि डायरी

लस मागण्याआधी गावात किती शेळ्या-मेंढ्या आहेत हे माहीत हवं. अंदाजे आकडा सांगून लस मागवली की दोनच गोष्टी होतात: कमी पडते, किंवा उरलेली तशीच वाया जाते.

एक साधी फुलस्केप वही घ्या. गाव वस्त्यांत वाटा: गावठाण, मळे, धनगरवाडा, नदीकाठ. प्रत्येक पाळकाच्या नावापुढे मोठ्या माद्या, नर, चार महिन्यांवरची पिल्लं आणि चार महिन्यांखालची पिल्लं असे चार रकाने करा. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच कुणी भरत नाही.

अर्धलीनं (पिल्लं वाटून घ्यायच्या बोलीवर दुसऱ्याकडे सांभाळायला) दिलेल्या शेळ्या विसरू नका. मालक एका गावात आणि शेळी दुसऱ्या गावात असली, तर दोन्हीकडच्या मोजणीतून ती निसटते. जिथे ती रात्री बांधली जाते, तिथल्या वहीत तिची नोंद हवी. लेकीला माहेरातून दिलेल्या शेळीचंही तसंच.

कानातला बारा अंकी बिल्ला असेल तर तो क्रमांक लिहा. नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून मारून घ्या. 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही, त्यामुळे हे काम तसंही टळणारं नाही.

मग वर्षाचं वेळापत्रक मांडा. आपल्या जिल्ह्यात रोग गावात शिरायच्या वेळा साधारण ठरलेल्या असतात:

- ऊस तुटू लागला की रिकाम्या फडात खतासाठी बकरी (म्हणजे मेंढ्या) बसवायला बाहेरचे कळप येतात. ऊसतोड टोळ्यांच्या खोपीजवळही दोन-चार शेळ्या बांधलेल्या दिसतात.
- गावच्या जत्रा-म्हाईच्या आणि बकरी ईदच्या आधी बाजारातून बोकड येतात. आषाढातल्या गटारीचं तर बोलायलाच नको.
- पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेसारख्या मोठ्या यात्रांना धनगर समाज दूरदूरहून येतो. त्या दिवसांत माणसांबरोबर कळपांचीही ये-जा वाढते.
- शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या नदीकाठच्या गावांत महापूर आला की जनावरं एकाच छावणीत एकत्र येतात. 2019 आणि 2021 मध्ये हे सगळ्यांनी पाहिलं आहे.

यातली पहिली घटना ज्या महिन्यात येते, त्याच्या किमान महिनाभर आधी लसीकरण संपलेलं हवं. लस दिल्यावर पुरेशी प्रतिकारशक्ती यायला साधारण दोन आठवडे जातात. जत्रेच्या आदल्या आठवड्यात टोचलेली लस जत्रेच्या कामाची नाही.

तपासा: वहीत चार महिन्यांखालच्या पिल्लांचा आकडा भरला का? प्रत्येक वस्तीचा एक जबाबदार माणूस ठरला का?

## टप्पा 2: रोजची पाहणी, पण डोळसपणे

रोगाची पाळत म्हणजे काही मोठी यंत्रणा नव्हे. सकाळी चरायला सोडण्याआधी दहा मिनिटं कळपासमोर उभं राहायचं. दावणीकडे न येणारं, मान खाली घातलेलं, रवंथ न करणारं जनावर लगेच कळतं.

संशय आला की ताप मोजा. शेळी-मेंढीचं तापमान 102 ते 103 अंश फॅरनहाइटच्या आसपास असतं. 104 च्या वर गेलं की ते जनावर बाजूला. ताप सकाळी, सावलीत मोजा. उन्हात चालून आलेल्या मेंढीचा ताप मोजून उगाच घाबरू नका. थर्मामीटरच्या टोकाला थोडं तेल लावा आणि ते लेंडीत न खुपसता गुदद्वाराच्या आतल्या कडेला टेकवा. लेंडीत खुपसलं तर आकडा कमी येतो आणि आजारी जनावर निरोगी ठरतं.

मग तोंड उघडा. वरचा ओठ उलटून हिरड्या बघा, नंतर खालचा ओठ, नंतर जीभ. बुळकांडीत सुरुवातीला हिरड्या लालभडक होतात. दोन-तीन दिवसांत त्यांवर गव्हाचा कोंडा चिकटल्यासारखे पांढुरके चट्टे दिसतात. बोटाला फडकं गुंडाळून हलकंच पुसलं की कोंडा निघून येतो, आणि खाली कच्ची, लाल जागा दिसते. तोंडाला वेगळीच घाण येते. नाकातलं पाणी आधी पातळ असतं, मग घट्ट पिवळं होऊन नाकपुड्यांना चिकटतं. डोळ्यांना चिपडं येतात. त्यानंतर हगवण आणि खोकला. गाभण माद्या गाभडतात.

ताप येण्याआधी विषाणू अंगात साधारण चार ते सहा दिवस असतो. म्हणजे आज दिसलेला आजार आठवडाभरापूर्वी कुठून तरी आला आहे. म्हणून वहीत मागे जा आणि गेल्या तीन आठवड्यांत कळपात कोण आलं ते पाहा.

गोंधळ इथे होतो:

- फक्त लहान करडांना हगवण आहे, ताप नाही, मोठ्यांना काहीच नाही: रक्ती हगवणीच्या परजीवीची शक्यता जास्त. लेंडी तपासून घ्या.
- खोकला आणि धाप आहे, पण तोंड स्वच्छ: जिवाणूजन्य फुफ्फुसदाह असू शकतो.
- चेहरा सुजलेला, जीभ निळसर, खुरांच्या वर लाल कड, आणि त्रास मुख्यतः मेंढ्यांना: नीलजिव्हा.
- लोकर किंवा केस नसलेल्या जागी, म्हणजे शेपटीखाली, कानात, कासेवर गाठी: देवी.
- ओठांच्या कडेला जाड, काळपट खपल्या, पण जनावर खातं-पितं: मावा.

बुळकांडीनं सहसा चार महिने ते दोन वर्षांची, लस न घेतलेली जनावरं जास्त मरतात. ही गोष्ट लक्षात ठेवली तर निम्मं निदान वहीच सांगते.

सावधान: जनावर अचानक मेलं आणि नाक, तोंड किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त आलं, तर ते कापू नका, कातडं काढू नका. काळपुळीची शक्यता असते आणि ती माणसाचाही जीव घेते. लगेच पशुवैद्यकाला बोलवा.

## टप्पा 3: नवीन जनावराचे एकवीस दिवस

लसीकरणाच्या आधी हा टप्पा का? कारण दार उघडं ठेवून आत कितीही लस टोचली तरी उपयोग होत नाही.

बाजारातून, नातेवाइकाकडून, प्रदर्शनातून, कुठूनही आलेलं जनावर किमान एकवीस दिवस वेगळं ठेवा. वेगळं म्हणजे वेगळी जागा, वेगळं पाण्याचं भांडं, वेगळी दावण. एकाच गोठ्यात मधे तट्ट्या उभा करून काही होत नाही. बुळकांडी जवळच्या श्वासातून, शिंकेतून, खोकल्यातून पसरते. परसात दुसऱ्या टोकाला बांधा, आणि चारा-पाणी आधी आपल्या कळपाला, शेवटी नव्याला. उलट केलं तर विषाणू तुमच्याच हातांनी कळपात जातो.

आणल्यावर पहिले काही दिवस फक्त पाहा आणि ताप मोजा. दगदगीनं आलेला ताप दोन दिवसांत उतरतो. नंतर जंतनिर्मूलन, आणि जनावर ठणठणीत असेल तर लस. विकणाऱ्यानं "लस झालीय" असं सांगितलं, तरी तारीख आणि बिल्ला दाखवल्याशिवाय ते खरं मानू नका. लस दिल्यावर लगेच कळपात सोडू नका, दोन आठवडे जाऊ द्या.

इथे एक अडचण खरी आहे. जत्रेसाठी आणलेला बोकड आठ दिवसांत कापायचाच असतो, त्याला एकवीस दिवस कोण सांभाळणार? मग तो कळपाजवळ आणूच नका. थेट कापायच्या जागेजवळ बांधा, आणि त्याची लेंडी, उरलेला चारा आपल्या गोठ्यात टाकू नका.

रानात बकरी बसवायला बाहेरचा कळप येत असेल, तर त्या दिवसांत आपली शेरडं त्या रानात आणि त्या पाणवठ्यावर नेऊ नका. आदमापूरच्या संत बाळूमामांच्या बकऱ्यांचा तळ आपल्या रानात बसणं लोक भाग्याचं मानतात. तो आनंद घ्या, पण आपल्या शेळ्या घरी बांधा. ही काळजी दोन्ही कळपांच्या भल्याची आहे. मेंढक्याशी आधी बोला: बकऱ्यांना लस कधी दिली, वाटेत कुठे आजार दिसला का. मेंढके ही माहिती लपवत नाहीत, आपणच विचारत नाही.

## टप्पा 4: लसीकरण, तयारीपासून नोंदीपर्यंत

### दहा-पंधरा दिवस आधी

जंतनिर्मूलन करा. जंतांनी पोखरलेल्या जनावरात लस पुरेशी लागत नाही. अशक्त, तापलेली जनावरं वेगळी काढा, त्यांना नंतर टोचा. दुसरी लस, समजा आंत्रविषाराची, नुकतीच दिली असेल तर दोन ते तीन आठवड्यांचं अंतर ठेवा.

अगदी टेकलेल्या गाभण मादीला पकडापकडीचा त्रास देऊ नका. लशीपेक्षा ओढाताणीनंच गाभडण्याचा धोका असतो. तिची नोंद "राहिली" अशी करा आणि विण्यानंतर टोचा.

### करडांचं वय

लस घेतलेल्या आईच्या चिकातून पिल्लाला तीन-चार महिने पुरेल इतकं संरक्षण मिळतं. त्या काळात लस दिली तर आईकडून आलेली प्रतिकारशक्तीच लशीला मारून टाकते. म्हणून साधारण चौथा महिना पूर्ण झाला की टोचा. पण नेमकं इथेच घोडं अडतं. मोहीम येते तेव्हा करडू अडीच महिन्यांचं असतं आणि पुढची मोहीम येईपर्यंत ते वर्षाचं होतं. मधे ते उघडंच.

हिशेब करून पाहा. समजा 40 शेळ्यांचा कळप पूर्ण टोचला. दरवर्षी 12 जुन्या विकल्या आणि त्यांच्या जागी 12 पाटी (तरुण, न व्यालेल्या शेळ्या) कळपात आल्या. पाटींना लस दिली नाही तर वर्षानं 28 जनावरं सुरक्षित राहतात, म्हणजे 70 टक्के. दोन वर्षांनी 16, म्हणजे 40 टक्के. लस तीन वर्षं टिकते हे खरं, पण कळप तीन वर्षं तोच राहत नाही. रोग थांबवायला कळपात साधारण 80 टक्के जनावरं तरी सुरक्षित लागतात.

म्हणून वहीतल्या चौथ्या रकान्यावरून दर तीन-चार महिन्यांनी वाढलेल्या पिल्लांची यादी काढा आणि ती दवाखान्यात द्या. मोठ्यांना दर तीन वर्षांनी. देवीची लस मात्र दरवर्षी लागते.

### लस आणण्याचा दिवस

पीपीआरची लस जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. ती कोरड्या वडीच्या रूपात बाटलीत येते. उष्णतेनं ती मरते आणि मेलेली लस दिसायला तशीच दिसते. त्यामुळे:

1. दवाखान्याच्या फ्रीजमधून थेट बर्फाच्या लसपेटीत. 2 ते 8 अंश सेल्सिअस.
2. विरघळवण्याचं द्रावणही त्याच पेटीत थंड झालेलं हवं. लस बर्फात आणि द्रावण खिशात, ही चूक फार होते. कोमट द्रावण घातलं की पेटीचा सगळा खटाटोप वाया.
3. बाटलीवरची मुदत आणि बॅच क्रमांक वहीत लिहा. लेबल बर्फाच्या पाण्यात सुटून जातं, म्हणून बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.
4. एका वेळी एकच बाटली विरघळवा. विरघळवलेली लस बर्फावर ठेवून दोन तासांच्या आत संपवा. उन्हाळ्यात तर तासाभरातच.
5. काम सकाळी लवकर. नऊनंतर रेटू नका.

### टोचण्याचा दिवस

सगळ्या गावाची शेरडं देवळासमोरच्या पटांगणात गोळा करू नका. काम भराभर होतं, पण एखाद्या कळपात रोग दडलेला असेल तर तो त्याच पटांगणातून सगळ्यांच्या घरी जातो. वस्तीवरून वस्तीवर जा. शंभर मात्रांची बाटली एका घरात संपत नाही हे खरं, म्हणून शेजारच्या चार-पाच घरांचा क्रम आदल्या रात्रीच लावून ठेवा. ज्या घरी आजाराचा थोडाही संशय आहे, ते घर सगळ्यात शेवटी.

मात्रा एक मिली, कातडीखाली, मानेच्या बाजूला. एकानं पकडायचं, दुसऱ्यानं टोचायचं, तिसऱ्यानं लिहायचं. टोचून झाल्यावर लगेच शिंगावर किंवा पाठीवर रंगाची खूण करा. खुणेशिवाय पन्नास मेंढ्यांच्या कळपात दहा मेंढ्यांना दोनदा आणि दहांना एकदाही नाही, असं सहज होतं.

सुई उकळून निर्जंतुक करा, स्पिरिटमध्ये बुडवून लगेच वापरू नका. स्पिरिट लशीतल्या विषाणूलाही मारतं. टोचण्याच्या जागी स्पिरिट चोळायची गरज नाही, जागा कोरडी आणि स्वच्छ असली की झालं. एका कळपाची सुई दुसऱ्या कळपात नेऊ नका.

लशीनंतर एक-दोन दिवस थोडा ताप, किंचित सूज, दूध कमी होणं चालतं. जनावरं त्या दिवशी लांब चालवू नका.

तपासा: वहीत तारीख, बॅच क्रमांक, बिल्ला क्रमांक आणि "राहिलेली" जनावरं नोंदली का? उरलेली विरघळवलेली लस टाकून दिली का? ती फ्रीजमध्ये ठेवून उद्या वापरता येत नाही.

## टप्पा 5: संशय आला, पहिले चोवीस तास

पहिली गोष्ट, कळप जागेवर थांबवा. चरायला नको, पाणवठ्यावर नको, बाजारात तर मुळीच नको. साथ पसरण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच: आजार दिसला की "मरण्याआधी विकून टाकू" म्हणून आजारी आणि आजाऱ्याशेजारची जनावरं रातोरात बाजारात जातात. त्यातली बरीच खाटकाकडे न जाता दुसऱ्या पाळकाच्या दावणीला लागतात. बेळगाव जिल्ह्यातले बाजारही जवळ आहेत, पण विषाणूला सीमा कुठली?

मग फोन करा. 1962 हा टोल-फ्री क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे. सोबत गावच्या दवाखान्याला आणि ग्रामपंचायतीला कळवा. 2009 च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्यानुसार अशा रोगाची खबर देणं पाळकावर बंधनकारक आहे. काही जण "कळवलं तर कळप अडकतो" म्हणून गप्प बसतात. कळप अडकतो हे खरं आहे. नाही कळवलं तर शेजाऱ्याचाही अडकतो.

आजारी जनावरं निरोग्यांपासून दूर बांधा, आणि अशा बाजूला की त्यांच्याकडून येणारा वारा निरोग्यांवर जाणार नाही. त्यांची सेवा एकाच माणसानं करायची आणि त्यानं निरोगी कळपाला हात लावायचा नाही. घरात माणूस एकच असेल तर निरोग्यांचं काम आधी, आजाऱ्यांचं नंतर, मग हात-पाय धुऊन कपडे बदलायचे.

विषाणूवर थेट औषध नाही. पशुवैद्यक देतात ती प्रतिजैविकं मागून येणाऱ्या फुफ्फुसदाहासाठी असतात. तुमचं काम पाणी आणि खाणं. हगवणीनं शरीर सुकतं, म्हणून मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं, जनावर स्वतः पीत असेल तर. जबरदस्तीनं ओतू नका, ठसका लागून पाणी फुफ्फुसात जातं. तोंडाची जखम पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यानं धुऊन बोरोग्लिसरीन लावा. खायला कोवळं गवत, पातळ कण्या. उसाचं वाडं कडक असतं, त्यानं तोंड आणखी फाटतं.

## टप्पा 6: नमुने

हे काम पशुवैद्यकाचं. पण कोणतं जनावर द्यायचं, हे तुम्ही सांगू शकता. लोक सगळ्यात गंभीर, मरायला टेकलेलं जनावर पुढे करतात. तसं करू नका. नुकताच ताप आलेली, नाक नुकतंच वाहू लागलेली चार-पाच जनावरं दाखवा. विषाणू तेव्हाच भरपूर सापडतो.

नाकातला, डोळ्यातला आणि हिरडीवरचा कापूसबोळा, शिवाय रक्त. मेलेलं ताजं जनावर असेल तर फुफ्फुस, प्लीहा आणि आतड्याजवळच्या लसिका गाठी. सगळं बर्फावर, लवकरात लवकर. रक्ताची बाटली गोठवू नका. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाकडून नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातात. बाटलीवर बिल्ला क्रमांक, गाव आणि तारीख नसेल तर अहवाल येऊनही तो कुणाचा ते कळत नाही.

अहवाल यायची वाट पाहत पुढचा टप्पा थांबवू नका.

## टप्पा 7: साथीच्या भोवती लस

साथीच्या वेळी लस बाहेरून आत द्यायची. आधी बाजूच्या निरोगी गावांतले आणि वस्त्यांतले कळप, मग जवळचे, सगळ्यात शेवटी बाधित वस्ती. जे पथक बाधित कळपात गेलं, त्यानं त्याच दिवशी दुसऱ्या कळपात जायचं नाही. बाधित कळपातल्या निरोगी दिसणाऱ्यांना लस द्यायची का, हे पशुवैद्यक ठरवतील. दिली तर प्रत्येक जनावराला नवी सुई.

इथे एक गोष्ट पाळकांना आधीच सांगून ठेवा. लस देण्याच्या वेळी विषाणू अंगात असेल तर ते जनावर आठवडाभरात आजारी पडेल. त्याला लशीमुळे रोग झालेला नसतो. हे आधी सांगितलं नाही तर पुढच्या वर्षी त्या वस्तीवर कुणी गोठ्याचं दार उघडत नाही.

## टप्पा 8: मेलेलं जनावर आणि गोठा

ओढ्यात, उसाच्या सरीत, रस्त्याकडेला टाकू नका. कुत्री ते ओढत नेतात. किमान सहा फूट खोल खड्डा, तळाला आणि वर चुन्याचा थर, मग माती. शिरोळसारख्या नदीकाठच्या गावात पावसाळ्यात पाच फुटांवरच पाणी लागतं. तिथे उंचवट्याची जागा आधीच ठरवून ठेवा, विहीर आणि बोअरपासून लांब.

गोठा धुताना क्रम असा: आधी लेंडी, उरलेला चारा, अंथरलेलं गवत काढून जाळायचं किंवा पुरायचं. मग पाण्यानं घासून धुवायचं. सुकल्यावर जंतुनाशक. लेंडीवरच ब्लीचिंग पावडर शिंपडून समाधान मानणं निरर्थक, कारण घाणीत औषध मरतं. धुण्याचा सोडा, सोडियम हायपोक्लोराइट किंवा कॉस्टिक सोड्याचं सौम्य द्रावण चालतं. कॉस्टिक सोडा कातडी जाळतो, म्हणून हातमोजे घाला आणि जनावर लांब बांधा.

बुळकांडीचा गोठा धुऊन, उन्हात तापवून तीन आठवडे रिकामा ठेवला की पुरतं. देवी असेल तर घाई करू नका: खपल्या फटीत, लोकरीत राहतात. लाकडी दावण खरवडा, भिंतीला चुना द्या, कातरलेली लोकर वेगळी ठेवा. शेवटच्या खपल्या पडेपर्यंत त्या कळपातली लोकर विकू नका.

शेवटचं आजारी जनावर बरं होऊन किंवा मरून किमान तीन आठवडे उलटेपर्यंत कळप बंदच. बंदी कधी उठवायची, हे पशुवैद्यकांना विचारून ठरवा.

## टप्पा 9: गाव रोगमुक्त आहे हे कसं कळणार

वर्षभर साथ दिसली नाही म्हणून विषाणू गेला असं होत नाही. लशीच्या आड तो धुमसत राहू शकतो. यासाठी रक्तातली प्रतिद्रव्यं तपासतात. लशीच्या आधी एकदा आणि साधारण महिन्यानं पुन्हा रक्त घेतलं की लस लागली का ते कळतं. बंगळुरूची निवेदी ही संस्था देशभर असे नमुने अभ्यासते. पथक रक्त घ्यायला आलं तर आडवू नका.

अडचण अशी की आजच्या चाचणीत लशीमुळे आलेली प्रतिद्रव्यं आणि रोगामुळे आलेली प्रतिद्रव्यं वेगळी ओळखता येत नाहीत. म्हणून खरं उत्तर मिळतं ते लस न दिलेल्या, सहा महिन्यांवरच्या जनावराच्या रक्तातून. आईकडून आलेली प्रतिद्रव्यं तोवर संपलेली असतात. अशा जनावरात प्रतिद्रव्यं सापडली तर गावात विषाणू फिरतो आहे.

देश रोगमुक्त जाहीर व्हायला 24 महिने एकही रुग्ण नको आणि त्या 24 महिन्यांत लसही दिलेली नको, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. लस कधी थांबवायची हा निर्णय त्यामुळे वरच्या पातळीवरच होणार. गावानं "आमच्याकडे आता काही नाही" म्हणून स्वतःहून लस बंद करू नये. तोवर वही चालू ठेवा, आणि भरलेल्या वह्याही किमान तीन वर्षं जपा. रक्त घेणाऱ्या पथकाला कोणती पाट लशीविना राहिली आहे, हे त्या वहीशिवाय दुसरं कुणी सांगू शकणार नाही.